मंडईच्या दिवशी मुलाखत

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. लेकी, जावई, सोयरे सगळे त्या दिवशी येतात, आणि घरात आलेला माणूस खाल्ल्याशिवाय उठत नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पण पदवी घेऊन घरी बसलो, तेव्हापासून आमच्या गावची, कामठ्याची मंडई मला नकोशी झाली. पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "का गा, लागला का नाही जॉबवर?" आणि लगेच दुसरा, "तुहा दोस्त त पुण्याले मोठ्या कंपनीत आहे म्हणतेत!"

तो आमच्या मागच्या गल्लीतला. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो, पुढे गोंदियाच्या इंजिनिअरिंग कॉलेजातही एकाच वर्गात. प्रोग्रामिंग मला त्याच्यापेक्षा बरं जमायचं. परीक्षेआधी तो माझ्याकडे शिकायला यायचा. एकाच कंपनीत दोघांनी अर्ज केला आणि त्याला घेतलं. मग कंपन्या असलेली माणसंच कमी करू लागल्या, आणि माझ्या अर्जांना साधं उत्तरही येईना.

गेल्या मंडईला तो गावी आला होता. त्यानंच आपल्या कंपनीत माझं नाव सुचवलं होतं आणि ऑनलाइन मुलाखत नेमकी मंडईच्या दिवशी निघाली. कितीतरी महिन्यांनी आलेली ही एकच मुलाखत. आमच्या घरासमोर दंडारीच्या नाचगाण्याच्या मंडपाचा भोंगा वाजत होता.

"माह्या घरी ये," तो म्हणाला. "मागच्या खोलीत वायफाय आहे. मी दारातच बसून राहतो, कोणालेच येऊ देत नाही."

त्या खोलीत आधी नजरेत भरली ती खुर्ची. मान टेकवता येते अशी. वडिलांची पाठ दुखते म्हणून त्यानं पाठवलेली. माझे वडील ओट्यावर भिंतीला टेकून बसतात.

मुलाखत घेणारे साहेब शांत होते. पहिले प्रश्न सुटले. पुढचा अवघड होता. मी टप्प्याटप्प्यानं उत्तर लिहून दाखवत होतो आणि जमतंय असं वाटू लागलं. तेवढ्यात स्वयंपाकघराकडचं दार उघडलं. ते दार कोणाच्या ध्यानातच नव्हतं. वडे आणि अनरशांची ताटली घेऊन त्याची आई आत आली.

"कधीचा उपाशी बसून राहिला बेटा. खाऊन घे, मंग कर तुहं काम."

शाळेत असल्यापासून मी त्या माउलीच्या हातचं खात आलोय. मी ताटली घेतली.

साहेब हसले. "मम्मी हैं?"

"नहीं सर, मेरे दोस्त की मम्मी हैं. जिसने मुझे रेफर किया."

"अरे, उसके घर पे हो? बहुत बढ़िया लड़का है!"

मग ते त्याच्याबद्दलच बोलत राहिले. तो काम सुरू करण्याआधी कागदावर आकृती काढतो, याचं त्यांना विशेष कौतुक होतं. ते त्याला मी शिकवलं होतं, याच गावात, आमच्याच ओट्यावर. मी मान डोलावली. वेळ संपली, उत्तर अर्धंच राहिलं.

बाहेर तो खरंच दारात बसला होता. "कसा झाला इंटरव्ह्यू? सरांसोबत बोलू का मी?"

"कायले? माहं मी पाहीन."

काही दिवसांनी मेल आला की जागा सध्या भरणार नाहीत. त्याचा फोन आला, "मार्केटच खराब आहे गा, तुही चूक नाही." मेलपेक्षा ते सांत्वन जास्त लागलं. आई म्हणाली, "त्यानं केलं न बापा तुह्यासाठी. दुसऱ्या कोणी केलं असतं का?"

नसतं केलं. तेच तर सोसत नव्हतं. तो वाईट असता, तर हेवा करणं सोपं गेलं असतं.

बरेच दिवस मी त्याला फोन केला नाही. मग एका सकाळी मेसेज टाकला, "दुसरी जागा निघाली तर सांगजो." लगेच उत्तर आलं, बायोडेटा पाठव. मी पाठवला. ती नोकरी लागली, तर रोज त्याच्या शेजारी बसून त्याचं कौतुक ऐकावं लागेल, हे मला कळतं. तरी मला तीच नोकरी हवी आहे.