एका दगडाचे तीन दंगे

कोळीण कोसळली तेव्हा काठी माझ्या हातात होती. टोपली उलटली, बोंबील रस्त्यावर पसरले आणि तिच्या डाव्या कानातून रक्त आलं. पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं विसरले. हे विसरता आलं नाही.

बोरीवलीकडचा एक मासळीबाजार पाडायची नोटीस आली होती, म्हणून बायका रस्त्यावर बसल्या होत्या. बसल्या होत्या, एवढंच. पण आम्हाला हुकूम होता, समजावत बसू नका, हटवा. वरच्या कार्यालयाच्या तक्त्यात तो बाजार अतिसंवेदनशील होता. पंधरा दिवसांत बसवर दगडफेकीच्या तीन घटना.

ही कोळीण नेहमी पुढे बसायची, म्हणून म्होरकी ठरली. तडीपारीचा प्रस्ताव निघाला. आरोपी बाई, त्यामुळे इस्पितळात जबाब घ्यायला मलाच पाठवलं. तिने मला ओळखलं.

"तीन वेळा दगडफेक केलीस?" मी विचारलं.

"तीन? बाय, एक दिवस धंदा बुडला तर घरात चूल पेटत नाय. तीन दिवस दगड मारत बसेन?"

"मग तीन बस फुटल्या कशा?"

"एकच फुटली गं. तुमच्यात मोजता येत नाय का कोणाला?"

चिडून ठाण्यात आले आणि मोर्चा-आंदोलनांचं रजिस्टर काढलं. ते माझ्याकडेच असायचं. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर चांगलं. पहिली नोंद, बीट हवालदाराने त्याच दिवशी दिलेल्या अहवालावरून. दुसरी, चार दिवसांनी आलेल्या बस आगाराच्या पत्रावरून. तिसरी, एका पुढाऱ्याच्या तक्रार अर्जावरून. रकाना कागद मिळाल्याच्या तारखेचा होता. घटना कधी घडली, यासाठी रकानाच नव्हता. मूळ कागद शेजारी ठेवले. तिन्हीत बसचा नंबर एकच, घटनेची तारीखही एकच. रजिस्टरात तिन्ही नोंदी माझ्या हातच्या.

साहेबांना दाखवलं.

"बाई, तक्ता वर गेलाय. आता कशाला उकरताय?"

"साहेब, ती तडीपार झाली तर तिचं घर कोण चालवणार?"

"आणि तुमची चौकशी लागली तर?"

"लागू द्या."

लागली. तडीपारीच्या सुनावणीत मी तिन्ही कागद ठेवले, चूक माझी आहे असं लिहून दिलं. प्रस्ताव रद्द झाला. दगड कोणी मारला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आता दंगलींचे आकडे संगणकावर जातात. कोणी आकडा दाखवला की मी दोनच गोष्टी विचारते. घडलं कधी? आणि एकच गोष्ट किती जणांनी कळवली? लोक कंटाळतात. मीही कंटाळले आहे. पण त्या तक्त्यावर विश्वास ठेवून काठी मी उचलली होती.

बाजार पुढे पाडलाच. ती जगली. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसते. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही.