भुईगावच्या आगबोटीतला खिळा

प्रवासाला निघताना लोक कॅमेरा घेतात. आमचे हे दोरी आणि दोन खिळे घेतात. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म काढलेला माणूस. कपडे वाळत घालायची सोय कुठलाही इंजिनियर करत नाही, यावर त्यांची श्रद्धा आहे. सांगलीहून वसईला निघालो तेव्हाही पिशवीच्या तळाशी हा ऐवज होताच.

आमच्या जावयाचा मित्र डॉमनिक. त्याचं भुईगावला समुद्राजवळ घर आहे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी त्याच्या वडिलांनी केळीच्या बागेच्या उत्पन्नावर, मुंबईचा आर्किटेक्ट आणून ते बांधलं. वडील वारल्यावर डॉमनिकने मूळ नकाशे हुडकले आणि दोन वर्षं खपून घर अगदी पहिल्यासारखं केलं. आता ते पाहुण्यांना भाड्याने द्यायचं होतं. "काका, आधी तुम्ही दोघं राहा आणि अडचणी सांगा," असा त्याचा फोन आला. दुसऱ्याच्या बांधकामात चुका काढायच्या आणि वर राहणं फुकट! यांनी त्याच संध्याकाळी बॅग भरली.

वसई स्टेशनवर रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, तर तो म्हणाला, "आगबोटीत जायचंय काय? मग तसं बोला ना!" दोन्ही बाजूंनी केळी, मोगऱ्याचे वाफे, एका दारात क्रूस तर पुढच्या दारात तुळस, अशा अरुंद गल्ल्यांतून रिक्षा वळत गेली आणि आगबोट दिसली. सपाट छप्पर, जहाजाला असतात तशा गोल खिडक्या आणि कठडा नसलेला जिना.

"हा जिना कशावर उभा आहे?" यांनी पहिला प्रश्न विचारला. मी म्हटलं, "तुम्ही पाय ठेवा, म्हणजे कळेल."

घर सुंदर होतं, हे मी आधीच सांगून टाकते. पण ते माणसांना फारसं ओळखत नव्हतं. खुर्च्या इतक्या खोल की हे त्यात बसले आणि मला हात देऊन उपसावं लागलं. न्हाणीघराच्या दाराला आतून मूठच नाही. दार भिंतीसारखं आणि भिंत दारासारखी. मी दहा मिनिटं चुकीच्या बाजूला ढकलत होते. टेबलावर डॉमनिकने टाइप केलेले नियम ठेवले होते. चौथा नियम ठळक होता: भिंतीला खिळा ठोकू नये. हा कागद भिंतीवर न लावता टेबलावर का ठेवलाय, ते मग माझ्या लक्षात आलं.

शनिवारी सकाळी सुरूच्या झाडांतून किनाऱ्यावर गेलो. भरतीची वेळ विचारून घेऊ, असं मी म्हणत होते. "मला लाटांचं सांगू नकोस," असं हे म्हणाले आणि कमरेपर्यंत भिजून परत आले. आता विजार वाळत कुठे घालायची? बाहेर दांडी नाही, आत साधी खुंटी नाही. वारा येत होता तो फक्त दिवाणखान्यात. मी नको नको म्हणेपर्यंत यांनी खलबत्त्यातला बत्ता आणून त्या दुधासारख्या भिंतीत खिळा ठोकलासुद्धा.

नेमकी तेव्हाच डॉमनिकची आई दारात उभी. कार्मेलीन मावशी मागच्या दोन खोल्यांत राहत. हातात सुकेळ्यांची (सोलून उन्हात वाळवलेल्या राजेळी केळ्यांची) पुडी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे बत्ता पाठीमागे लपवून उभे, विजार पाणी गाळतेय.

मावशी खिळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जरा वर ठोकाल काय? तो उंच होता."

"कोण?" मी विचारलं.

"माझा नवरा." मावशी त्या खोल खुर्चीत सराईतासारख्या टेकल्या. "चाळीस वर्षं त्याने मला एक खिळा ठोकू दिला नाय. आर्किटेक्टाला शब्द दिला होता ना! कॅलेंडर मी उशीखाली ठेवायची. तो गेला तेव्हा पयला खिळा मीच ठोकला आणि त्यालाच टांगला." त्या खुदकन हसल्या. "पोराने तो पण उपटला. नकाशात खिळा नाय म्हणे. आता फोटो कपाटात हाय, माझ्या साड्यांखाली. घर बांधणाराच घराबाहेर."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. यांनी पहिला खिळा काढला, भोक टूथपेस्टने बुजवलं आणि दुसरा खिळा वीतभर वर ठोकला. मावशींनी फोटो पदराने पुसून आणला. फोटोतले मावशींचे यजमान, पास्कूभाऊ, कोट घालून आपल्याच दिवाणखान्यात जरा अवघडून बघत होते. विजार त्या खुर्चीवर वाळली.

पण उद्या डॉमनिक मिस्सासाठी (चर्चमधल्या प्रार्थनेसाठी) येणार होता. दिवसभरात मावशी चार वेळा येऊन फोटो बघून गेल्या. "उद्या काढेल तो," एवढंच म्हणायच्या. हे टेबलाशी बसून अडचणींचा अहवाल लिहीत होते.

रविवारी डॉमनिक आला आणि दारातच थबकला. मावशींनी माझा हात घट्ट धरला. यांनी खात्यातला आवाज काढला. "अहवालात कलम नऊ पाहा. सदर खिळा काढल्यास भिंतीला तडा जाईल. ही भार घेणारी भिंत आहे."

जन्मात खोटा अहवाल दिला नाही, असं म्हणत मिशी पिळणारा हा माणूस!

डॉमनिकने भिंतीवर टिचकी मारली. "काका, ही चार इंची भिंत आहे. ही भार घेत नाही."

"आता घेते," हे म्हणाले.

डॉमनिक फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. मग आईकडे न बघता टेबलापाशी गेला, खिशातलं पेन काढलं आणि चौथ्या नियमापुढे लिहिलं: ठोकलेला काढू नये.

सांगलीला पोचलो. दार उघडल्याबरोबर भिंतीवरचे आमचे खिळे दिसले. कॅलेंडरचा, घड्याळाचा, पिशवीचा आणि कशाचाच नाही असेही तीन-चार. दर दिवाळीला त्यांच्यावरून मी यांचं डोकं खाते. या वेळी हे स्वतःच पक्कड घेऊन आले. "बोल, कुठला काढू?"

मी म्हटलं, "राहू देत सगळे."