ज्वालामुखीवरची समई

आमचे अध्यक्ष नेमके कशाचे अध्यक्ष होते, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. दुबईत मंडळ काढायचं म्हणजे परवाना आला, कागदपत्रं आली, आणि कागदपत्रं आली की भांडणं आली. म्हणून आम्ही मंडळ कधी काढलंच नाही. बर दुबई या भागातल्या आणि आसपासच्या काही मराठी घरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, एवढंच. निवडणूक झाली नाही, नाव कोणी सुचवलं नाही, अनुमोदन कोणी दिलं नाही. एका कोजागरीला कुणाच्या तरी गच्चीवर दूध आटत असताना हे गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्षीय समारोप करताना मला विशेष आनंद होतो आहे." आम्ही सवयीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या पडल्या की ठराव पास होतो, हे आमच्या नंतर लक्षात आलं.

दिवसा ते दुबईच्याच देरा भागातल्या एका कंपनीसाठी आग विझवण्याची उपकरणं विकायचे. ती नोकरी त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की कुणाच्याही घरी गेले तरी पहिली नजर स्वयंपाकघरात. "वहिनी, पोहे उत्तम झालेत. पण गॅसजवळ फायर ब्लँकेट नाही, हे बरोबर नाही." आणि संध्याकाळी हाच माणूस पिशवीतून पितळी समई काढून तिचे पेच फिरवत बसायचा. दीपप्रज्वलनाशिवाय कार्यक्रम सुरू होतो ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. मग तो कार्यक्रम हळदीकुंकवाचा असो की कुणाच्या पोराच्या वाढदिवसाचा. एकदा आमच्या टॉवरच्या हॉलमध्ये समईच्या पाच वातींनी धुराचा अलार्म वाजवला. सगळी इमारत जिन्याने खाली उतरली. लोक लेकरं काखोटीला मारून रस्त्यावर उभे, सिक्युरिटीवाला ओरडतोय, आणि अध्यक्षांचा चेहरा मात्र फुललेला. "ऐकलंत? आपल्या कंपनीचा डिटेक्टर आहे तो! काय सेन्सिटिव्ह आहे बघा!"

दीपप्रज्वलनानंतर सत्कार. सत्काराला शाल लागते, आणि शाल एकच होती. मरून रंगाची, जरीच्या काठाची. ती अध्यक्षांच्या पिशवीत समईला गुंडाळलेली असायची. दहावी पास झालेली मुलं, नवीन गाडी घेतलेले, मूतखड्याचं ऑपरेशन करून आलेले, सगळ्यांचा सत्कार त्याच शालीने झाला. खांद्यावर घालायची, नारळ द्यायचा, फोटो काढायचा, आणि फोटो निघाला की अध्यक्ष हात पुढे करून हळूच म्हणायचे, "द्या इकडे. पुढच्याला लागेल." शाळेत फिरती ढाल असते, तशी ती आमची फिरती शाल. नारळही परत घेतात असं आमच्या ग्रुपमधले कुलकर्णी सांगायचे, पण कुलकर्णींचं बोलणं निम्मंच धरायचं.

सूर्योदयाचं वेड त्यांना कुठून लागलं कोण जाणे. दर थंडीत ते आम्हाला अंधारात उठवून, मिनीबसमध्ये कोंबून पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला न्यायचे. तिथे सूर्य समुद्रातून वर येतो, दुबईत तो फक्त समुद्रात बुडताना दिसतो, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा बिनतोड होता. पण तिथे पोचलो की वाळूत समई लागायची, बसच्या पठाण ड्रायव्हरच्या खांद्यावर शाल पडायची ("साब, ये वापस लेंगे?" "हां भाई, ये सबकी है."), आणि मग अध्यक्ष भाषणाला उभे राहायचे. वक्त्याने श्रोत्यांकडे तोंड करून बोलायचं असतं. श्रोते समुद्राकडे तोंड करून बसलेले. म्हणजे वक्त्याची पाठ समुद्राकडे. सूर्य वर यायचा तेव्हा अध्यक्ष 'निसर्ग आणि मानव' या विषयाच्या मध्यावर असायचे. त्यांच्या कारकिर्दीतले सगळे सूर्योदय त्यांनी असे पाठीने पाहिले. त्यांची बायको, आमच्या सगळ्यांच्या वहिनी, एकदा थर्मासमधून चहा ओतता ओतता म्हणाल्या, "यांची पाठ तेवढी उजळून निघाली हो."

ज्वालामुखीचं स्वप्नही असंच जुनं. "आयुष्यभर लोकांना आगीची भीती घालून पोट भरलं," ते म्हणायचे. "एकदा तिच्या घरी जाऊन नमस्कार करून यायचंय. जिवंत ज्वालामुखी, आणि त्याच्या माथ्यावरून सूर्योदय. दोन्ही एकदम. मग काय, खलास!" दर ईदला विषय निघायचा आणि दर ईदला कुणाची सासू यायची, कुणाच्या पोराची परीक्षा यायची. एकटं जावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. समोर चार माणसं नसतील तर अध्यक्ष कसला?

मग ते साठीचे झाले आणि कंपनीने त्यांचा व्हिसा रिन्यू करायला नकार दिला. ईदची सुट्टी संपली की कॅन्सल. पुढे मिळेल त्या मुदतीत गाशा गुंडाळून चिपळूण. ग्रुपवर त्यांनी हे लग्नपत्रिकेच्या भाषेत कळवलं: "कळविण्यास आनंद होतो की..." आणि खाली एक ओळ: "जाण्यापूर्वी ज्वालामुखी. आपली उपस्थिती प्रार्थनीय." या वेळी कुणाच्याही सासूने काही म्हटलं नाही. आम्ही चार कुटुंबांनी बालीची तिकिटं काढली.

निघण्याआधी वहिनींनी त्यांच्याकडून सगळ्यांदेखत कबूल करून घेतलं. "तिथे भाषण करायचं नाही. सूर्य बघायचा. समोरून."

"भाषण नाही," अध्यक्ष म्हणाले. "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. हो म्हणा."

"हो."

पण पिशवीत समई होतीच. दुबई एअरपोर्टवर तपासणीच्या बाईने तिचे भाग एकेक करून वर काढले. हे काय म्हणून विचारलं.

"लॅम्प, मॅडम. फॉर इनॉग्युरेशन."

"इनॉग्युरेशन ऑफ व्हॉट?"

"सनराइज," अध्यक्ष म्हणाले. त्या बाईने एकदा समईकडे, एकदा आमच्या लांबलचक रांगेकडे पाहिलं आणि सगळं परत भरून दिलं. वेड्यांशी हुज्जत घालू नये, हे तिला कळत असावं.

उजाडायच्या बऱ्याच आधी आम्ही बालीतल्या त्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी उभे होतो. कपाळाला दिवे बांधलेले, आणि आमचा गाइड वायान, हसरा, सडपातळ माणूस. चढ सगळा सुट्या काळ्या खडीचा. पाऊल टाकावं तर अर्धं मागे यायचं. कुलकर्णी दर वळणावर "वर चहा मिळतो ना?" विचारायचे. माझी मुलगी सई म्हणाली, "बाबा, व्हेअर इज द लाव्हा? यू सेड ॲक्टिव्ह." मी म्हणालो, आत आहे. ती म्हणाली, "दॅट्स फॉल्स ॲडव्हर्टायझिंग." अध्यक्षांचा उजवा गुडघा केव्हाच गेलेला, तरी ते "यल्ला, यल्ला!" करत सगळ्यांना हाकत होते. त्यांचं ऐकून वायानही दर चढावर मोठ्या भक्तिभावाने "यल्ला" म्हणू लागला. त्याला बहुधा तो आमचा मंत्र वाटला.

माथ्यावर पोचलो तेव्हा पूर्वेला नुसतं करडं पडलं होतं. खाली तळं, पलीकडे डोंगराची काळी कड. आणि पायाखालच्या भेगांतून वाफ येत होती, भाताच्या कुकरची शिट्टी होण्याआधी येते तशी. अध्यक्ष खाली बसले, जमिनीवर तळवा टेकवला आणि लेकराचा ताप बघावा तसा धरून ठेवला. "गरम आहे हो," ते म्हणाले. "जिवंत आहे!" त्यांचे डोळे भरले होते. कुलकर्णीसुद्धा चहा विसरले.

मग अध्यक्ष उठले. "भाषण नाही," ते म्हणाले. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. "फक्त समई."

समई उभी राहिली. तेल आलं, वात आली. वारा मात्र तळ्याकडून, थेट पूर्वेकडून येत होता. काडी पेटली की विझायची. वायान लायटर घेऊन आला, तोही विझला. तेव्हा अध्यक्षांनी आम्हाला भिंत करायला लावली. पूर्वेकडे पाठ करून, खांद्याला खांदा लावून, जॅकेटं आणि ओढण्या पसरून आम्ही सगळे समईभोवती वाकलो. ज्याच्या पोटात अख्खी आग भरली आहे त्या डोंगरावर उभं राहून आम्ही डझनभर शिकलेली माणसं एक वात पेटवत होतो.

वहिनी तेवढ्या भिंतीत आल्या नाहीत. त्या बाजूला एका दगडावर बसल्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "वळा."

"एक मिनिट."

"अहो, आला!"

"कोण?"

"कोण काय? सूर्य!"

"त्याला म्हणावं एकच मिनिट! लागते आहे, लागते आहे..."

लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि वळलो. सूर्य कडेच्या चांगला वर आला होता, डोळे वर करून बघवत नव्हतं. आजूबाजूचे परदेशी पाहुणे फोन खिशात ठेवून उकडलेली अंडी सोलायला लागले होते. सई म्हणाली, "अंकल, यू मिस्ड इट." मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण बोलून झालं होतं.

अध्यक्ष पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. आम्हाला त्यांची पाठ पहिल्यांदाच दिसली. शर्ट घामाने चिकटलेला, एक खांदा जरा उतरलेला. त्या उन्हात समईची ज्योत दिसतसुद्धा नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, त्यांचा, त्या समईचा, आणि इमाने इतबारे भिंत होऊन उभ्या राहिलेल्या आमचा सगळ्यांचाच.

मग ते वळले आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "आता सत्कार." वायानच्या खांद्यावर शाल पडली. फोटो निघाला. अध्यक्षांनी हात पुढे केला. वायानने तो दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला, शाल अंगाभोवती घट्ट लपेटली आणि उतरायला लागला. थंडी होतीच. कुलकर्णी म्हणाले, "अहो, शाल चालली!" अध्यक्ष बघत राहिले. "जाऊ द्या," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एक तरी सत्कार खरा झाला."

उतरताना अध्यक्ष आणि वहिनी माझ्या मागे होते. खडीवर पाय घसरत होते, त्यामुळे बोलणं तुटक येत होतं.

"कसा होता गं?"

"आधी काहीच नव्हतं. मग कडेला एक बारीक रेघ आली. हिटरची कॉइल तापते ना, तशी."

"मग?"

"मग सगळं तळं लाल. आणि एकदम आला वर. मी हात जोडले. तुम्हाला हाक मारली."

"ऐकली मी."

"मग वळला का नाहीत?"

"हात काढला असता तर वात विझली असती गं." मग ते म्हणाले, "परत सांग. रेघेपासून."

वहिनींनी परत सांगितलं. पायथा येईपर्यंत त्या सांगतच होत्या, आणि दर वेळी तळं जरा जास्त लाल होत होतं. मी मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यात ते निघाले. आम्ही मीना बाजारातून नवी शाल आणली होती, तशीच मरून रंगाची, तसाच काठ. एअरपोर्टच्या काचेच्या दाराशी कुलकर्णींनी ती त्यांच्या खांद्यावर घातली. सगळ्यांचे सत्कार करणाऱ्या माणसाचा हा पहिला सत्कार. "दोन शब्द बोला," आम्ही म्हणालो. "आज नको," ते म्हणाले. फोटो काढला. आणि फोटो निघाल्याबरोबर अध्यक्षांनी शाल खांद्यावरून काढली, काठाला काठ जुळवून घडी केली आणि माझ्या हातात दिली. "ठेवा. पुढच्याला लागेल. समईपण ठेवा, ती वजनात बसत नाही."

ती तुमचीच आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण माझं लक्ष कुलकर्णींकडे गेलं, ते शालीकडे बघत होते. आमच्यातल्या प्रत्येकाच्या व्हिसावर तारीख छापलेली आहे. पुढचा कोण, हे कोणी विचारलं नाही. काचेचं दार उघडलं, मिटलं.

परवा ग्रुपवर कुलकर्णींचा मेसेज आला. त्यांच्या कंपनीत माणसं कमी करतायत, ते दोन महिन्यांत परत जातायत. खाली एवढंच: "शाल कोणाकडे आहे?" मी लिहिलं, माझ्याकडे. मग चिपळूणहून उत्तर आलं.

"कार्यक्रम खोर फक्कानला, पहाटे ठेवावा. समई काळोख असतानाच लावून घ्यावी. सूर्य आला की भाषण चालू असलं तरी सर्वांनी वळावं, वक्त्यानेसुद्धा. शाल कुलकर्णींकडून परत घेऊ नये. आपला, अध्यक्ष."

सगळ्यांनी टाळ्यांची चिन्हं पाठवली. ठराव पास झाला.