डेल्फीन आन्टीची साक्ष

डेल्फीन आन्टीच्या लक्षात काही राहत नाही, असं तिच्या सुना म्हणतात. चष्मा डोक्यावर असताना ती तो घरभर शोधते. धुरी द्यायला टांगलेले सामन मासे विसरून बिंगो खेळायला जाते. पण सभाघरात कुणी तिला साक्षीदार नेमलं की बाई वेगळीच होते. आमच्याकडे मुलाचं नाव ठेवायचं असो, लग्न असो की भांडण मिटवायचं असो, चौघांना साक्षीला बोलावून त्यांच्या हातावर नाणी ठेवतात. त्या दिवशी जे बोललं गेलं ते त्यांनी जन्मभर सांभाळायचं आणि वेळ आली की सगळ्यांसमोर सांगायचं. पुतण्या लग्नात म्हणाला होता, बायकोवर कधी आवाज चढवणार नाही. आन्टी ते त्याला दर नाताळला, टर्की कापता कापता, ऐकवते.

माझ्या शांटेलला दमा आहे, त्यामुळे आमच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीचा पूल मला पाठ आहे. ॲम्ब्युलन्स पुलापलीकडे थांबते आणि पोलिस आल्याशिवाय आत येत नाही. कारण लेनर्डचा कुत्रा. त्याने कधीकाळी एका ॲम्ब्युलन्सवाल्याची पोटरी धरली होती. कुत्रा मेला, मागोमाग लेनर्डही गेला, पण कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर आमची अख्खी वस्ती अजून धोकादायक आहे. म्हणून आम्ही आपापले आजारी पुलावर नेऊन देतो. शांटेलच्या तोंडाशी एका हाताने पंप धरून, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग फिरवत मी बर्फातून गेले आहे.

गेल्या वर्षी ॲम्ब्युलन्स सेवेला आमच्याशी समेट करायची इच्छा झाली. एका गाडीवर सामन माशाचं मोठं चित्र काढलं. त्या दिवशी गाडी पोलिसांशिवाय थेट सभाघरापर्यंत आली, कारण चित्र दाखवायचं होतं. शहरातून मोठे साहेब आले, व्हिटकॉम्ब. समारंभ आमच्या पद्धतीने व्हावा असं त्यांना कुणीतरी शिकवलं होतं, म्हणून त्यांनी साक्षीदारही नेमले. त्यातली एक आन्टी. मग साहेबांचे डोळे भरून आले आणि ते म्हणाले, "यापुढे आमची गाडी पुलावर थांबणार नाही. तुमच्या दारापर्यंत येईल."

टाळ्या पडल्या. घरी येताना मी म्हटलं, "आन्टी, साहेब खरंच रडले हं."

"रडू देत. बोलले काय, ते ऐकलंस ना? ते आता माझ्या गळ्यात आहे."

थंडी संपायच्या आत शांटेलची छाती पुन्हा भरली. गाडी पुलावरच थांबली. पोर आत घेतल्यावर शेजारी म्हणून सोबत आलेल्या आन्टीने ड्रायव्हरला साहेबांचे शब्द ऐकवले. तो म्हणाला, "आजी, ते भाषण होतं हो. नियम वेगळा असतो."

पुढच्या समारंभात आन्टी न बोलावता उभी राहिली आणि साहेबांचं बोलणं जसंच्या तसं म्हणाली, मधल्या खोकल्यासकट. साहेबांचे डोळे पुन्हा भरले. "किती सुंदर परंपरा!" म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. फार मन लावून ऐकलं. इतकं, की पुढच्या खेपेला कॅमेरा घेऊन आले, तिला पुन्हा बोलायला लावलं आणि तो व्हिडिओ नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात घातला. नियम होता तिथेच राहिला.

परवा शांटेलला धाप लागली ती थांबेना. मी फोन केला, तिला गाडीत घातलं आणि सवयीने पुलाकडे सुटले. समोरून मासा काढलेली ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत आली. मी बाजूला होऊन तिला वाट दिली. मनात म्हटलं, कुणाचं तरी फारच गंभीर दिसतंय. गाडी पुढे गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी तशीच उलटी फिरले. आमच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी होती आणि कमरेवर हात ठेवून आन्टी.

"अगं वेडे, ही माणसं दारात आली आणि तू पोर घेऊन कुठे भटकतेस?"

गाडीवर नवी, कोवळ्या चेहऱ्याची मुलगी होती. तिने शांटेलला मास्क लावला. रेडिओवर कुणीतरी ओरडत होतं, "पुलावर थांब! पोलिस निघालेत!"

"मी दारात आहे," ती म्हणाली. "प्रशिक्षणात हेच सांगितलं होतं ना? या आजीच सांगत होत्या."

मी शांटेलच्या ओठांकडे बघत होते. हळूहळू त्यांचा निळेपणा गेला.

आज कळलं, नियम मोडला म्हणून त्या मुलीला सोमवारी जाब द्यायला बोलावलंय. तिने आन्टीला फोन केला होता. "आजी, मला काढून टाकतील का हो?"

"टाकतील की. पण का टाकलं, ते त्यांना माझ्यासमोर म्हणावं लागेल. मग मी ते सांगत फिरेन. मला अजून वीसेक वर्षं जगायचंय."

सोमवारी आन्टीला मीच घेऊन जाणार आहे. कॉम्प्युटरवर आम्ही अजून धोकादायकच आहोत, आणि हिवाळा तर अजून लागायचाय.