साइमीमावशीच्या नऊ टोप्या

गेल्या हिवाळ्यात आमच्या कोर्पिवारा गावात एक बातमी दारोदार फिरली. साइमीमावशीने म्हणे सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाकड्याखाली तीन हजार टोप्या दडवून ठेवल्यात. टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसवतात ती, घोडा पडला की जिच्यातून ठिणगी उडते. पितळी पुंगळी पुन्हा पुन्हा भरता येते, दारूही पुरवून पुरवून वापरता येते, पण टोपी एकदाच फुटते. तिकडे पूर्वेला युद्ध सुरू झाल्यापासून टोप्या दुकानातून गायबच झाल्या होत्या. आल्याच तर माणशी एक डबी, तीही तिप्पट भावाने.

बातमी खोटी होती. बाकड्याखाली मी स्वतः वाकून पाहिलं. बर्चच्या डहाळ्यांच्या दोन जुड्या आणि एक फुटकी बादली, बस. गावात तीन हजार टोप्या होत्या खऱ्या, पण त्या ताइस्तोच्या सौनाच्या माळ्यावर. ताइस्तो आमच्या शिकारटोळीचा म्होरक्या. भाव चढणार हे ओळखून त्याने आधीच साठा केला, बायकोला दिसू नये म्हणून माळ्यावर लपवला, आणि खाली आठवड्यातून तीनदा तापल्या दगडांवर पाणी ओतत राहिला. त्याआधीच्या वसंतात त्यातल्या निम्म्या टोप्या वाफेने ओलावून टुक करून गप्प बसल्या. तेव्हापासून तो इतरांच्या साठ्याबद्दल फार बोलायला लागला.

साइमीमावशीकडे होत्या नऊ. मोहरीच्या रिकाम्या बरणीत, खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीशेजारी. चौतीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलेली बाई. बरणी संपल्याशिवाय नवी आणायची नाही, ही तिची शिस्त. बटाटे, आगपेट्या, टोप्या, सगळ्यांना एकच नियम. तिची बंदूक पहिल्या पगारांतून घेतलेली, आणि त्या मापाची काडतुसं आता कुठलंच दुकान ठेवत नाही. म्हणून मावशी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर स्वतः भरते.

हे मला कळलं ते एका आवाजामुळे. जुलैमध्ये रोज दुपारी, कॉफीच्या वेळेनंतर, तिच्या घरातून ‘टक’ असा आवाज यायचा. मग दहा सेकंद काही नाही. मग पुन्हा टक. मी आमच्या दोघींच्या मधल्या कुंपणाजवळ उभी राहून मोजले, चाळीस भरले. उंदरांचा सापळा म्हणावा तर इतके उंदीर अख्ख्या गावात नाहीत. चौथ्या दिवशी राहवेना, आत गेले.

मावशी पालथी पडली होती, बंदूक उशीवर, नळीच्या टोकाला दोन युरोचं नाणं. घोडा पडला, टक. नाणं जागचं हललं नाही.

“मावशी, हे काय चाललंय?”

“सराव.”

“गोळीशिवाय?”

“ह्,” ती म्हणाली. मावशी ‘हो’ श्वास आत ओढत म्हणते. त्याची नक्कल जमायला मला दोन महिने लागले होते. “नाणं पडलं तर बार हुकला असता. आज चाळिसात दोनदा पडलं.”

“आणि खरे बार?”

“एक, नेम तपासायला. चार परीक्षेला. चार शिकारीला.”

परीक्षा म्हणजे मूसच्या, त्या घोड्याएवढ्या रानहरणाच्या, शिकारीची. ती दर तीन वर्षांनी द्यावी लागते. पाऊणशे मीटरवर कागदी मूस, छातीवर ताटाएवढं रिंगण, दीड मिनिटात चार बार, चारही आत.

“आणि नापास झालीस तर?”

“उरलेल्या चारांत पुन्हा देईन. पास झाले की मग रिकामी बंदूक घेऊन मूसला नमस्कार करायला जाईन.”

एवढ्यात ताइस्तो आला. घसा तीनदा खाकरल्याशिवाय तो बोलत नाही. “साइमी, परीक्षेला तुझ्या जावयाची बंदूक ने. दुकानची काडतुसं आहेत, पेटीभर.”

“दुसऱ्याची कवळी लावून जेवू का मी?”

“तसं नाही गं. पण तू नापास झालीस तर सात नंबरची जागा यान्नेला द्यावी लागेल. तरुण आहे तो.”

“तरुण आहे, ते त्याच्या नेमावरून कळतंच.”

सात नंबर म्हणजे पाणथळीच्या कडेचा, मूसची वाट बघत बसायचा मोठा धोंडा. तिथे मावशी एकतीस शरदऋतू बसली होती. ताइस्तो गेल्यावर मी तीन खाकऱ्यांसकट त्याची नक्कल केली. मावशी हसली, पण नाण्याकडे बघत. मग माझी जीभ घसरली. “चारातला एक तरी बाहेर जाणार, मावशी. पैज.”

“बरं. हरलीस तर पाणथळीतून जनावर उठवायचा हाकारा तू घालायचास.”

“आणि जिंकले तर?”

“तर मी त्या धोंड्यावर बसून रडेन. तेवढी नक्कल तुला फुकट.”

ऑगस्टच्या रविवारी मैदानावर सगळी टोळी जमली. मावशी आडवी झाली. पहिला बार. रिकामी पुंगळी काढायला बंदुकीची खिट्टी मागे ओढताना तिने तळहात आडवा धरला, गरम पुंगळी झेलली, खिशात टाकली, खिसा थोपटला. दुसरा बार, पुन्हा तेच. दुकानची काडतुसं वापरणारे पुंगळीकडे ढुंकून बघत नाहीत. हिच्या हाताला मात्र दुसरं काही येतच नव्हतं. घड्याळवाला म्हणाला, “पन्नास सेकंद.” तिसरा बार. पुंगळी बोटांतून निसटून गवतात गेली, आणि मावशीने डोळा नेमावरून काढून गवतात बघायला सुरुवात केली.

“साइमी, राहू दे ती,” ताइस्तो न खाकरता म्हणाला. “वेळ चाललाय.”

“गप बस, ताइस्तो.”

“सत्तर.”

मी मनातल्या मनात पैज जिंकले होते आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं. मावशीने गवतातून पुंगळी उचलली, फुंकली, खिशात घातली, गाल पुन्हा बंदुकीला टेकवला. “पंच्याऐंशी,” घड्याळवाला म्हणाला आणि चौथा बार झाला.

कागद आणला. तीन भोकं एका मुठीत मावतील अशी. चौथं रेघेला चिकटलेलं. परीक्षकाने चष्मा काढला, लावला, पुन्हा काढला. “आत,” तो म्हणाला. ताइस्तोने तिथेच वहीत सात नंबरसमोर साइमीचं नाव घातलं आणि यान्नेला म्हणाला, “तुला नऊ नंबर. तिथे ऊन चांगलं येतं.”

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी मी मांडीपर्यंत पाणथळीत होते. हाकारा ताइस्तोच्या आवाजात घालायचा बेत होता, पण पाणी इतकं गार होतं की माझाच आवाज निघाला.