लाल अक्षरांखालची ओळ

अमरावतीच्या तहसील कचेरीबाहेर मी गेली बावीस वर्षे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु छापील कागद पारखण्यासाठी भल्याभल्या पदवीधरांनी माझा सल्ला घेतलेला आहे. माझी पद्धत अशी, की कागद प्रथम वाचायचाच नाही. हातभर दूर धरून सर्वांत मोठे अक्षर कोणते आणि सर्वांत बारीक कोणते, एवढेच पाहायचे. मोठे अक्षर आपल्यासाठी असते. बारीक अक्षर छापणाऱ्याच्या बचावासाठी.

गतवर्षी निकालानंतर बडनेऱ्याची एक बाई अकोल्यातील एका नर्सिंग संस्थेचे पत्रक घेऊन आली. मुलगी बारावी पास झाली होती. प्रवेशासाठी तिच्या मूळ गुणपत्रिका संस्थेत जमा करायच्या होत्या आणि सोबतचा अर्ज मी लिहून द्यायचा होता.

पत्रक देखणे होते. तेथेच मला संशय आला. सरकारी कागद इतका देखणा नसतो. वरच्या कडेला तिरंगी पट्टी होती. कोपऱ्यात गव्हाच्या ओंब्यांचे गोल चिन्ह होते, जे दुरून शिक्क्यासारखे भासावे. खाली छापलेली पांढऱ्या कोटातील हसरी मुलगी मी एका चष्म्याच्या दुकानावरही पाहिली होती. मधोमध ‘शासनमान्य’ हा शब्द लाल आणि ठसठशीत. त्याखाली करड्या रंगात मुंगीएवढी एक ओळ. भिंग धरले. ‘मान्यतेचा प्रस्ताव सादर.’

“ताई, मूळ कागद देऊ नका,” मी म्हणालो. “मान्यता मिळाली नाही. मागितली आहे फक्त.”

“इतकं चांगलं छापलं हाय भाऊ, खोटं कसं राहीन?”

“चांगलं छापलं म्हणूनच म्हणतो.”

तिने माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे पाहिले. “तुमी वकील हा का?”

“नाही.”

“मंग पाटीवर तराजू काहून काढला? मी तं तोच पाहून आली.”

तो तराजू आणि भोवतीची तिरंगी किनार मीच पेंटरकडून आग्रहाने रंगवून घेतली होती. स्वतःची पाटी मात्र मी कधी दुरून पाहिली नव्हती. मी अर्ज लिहिला: मान्यतेच्या आदेशाची प्रत द्यावी, ती पाहिल्यावर मूळ कागद जमा करू.

चार दिवसांनी ती परत आली. संस्थेने अर्ज हातात घेतला नव्हता, पोचही दिली नव्हती. आधी गुणपत्रिका ठेवा, मग बोला, असे सांगितले होते.

“दिल्या?” मी विचारले.

तिने पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढून माझ्या टेबलावर ठेवली. गुणपत्रिका आत होत्या.

“आता सरकारी कॉलेजचा फारम भरा,” ती म्हणाली. मग तिची नजर वर गेली. तराजू आणि किनार होती तेथे मी पांढरा रंग मारून घेतला होता. ‘अर्ज लिहून मिळतील’ एवढेच उरले होते.

“आता कोन येईन तुमच्याकडं,” असे म्हणून तिने स्टूल ओढले आणि बसली.