अकरा पावलांचा पुरावा

केशवराव वालूरकरांनी आयुष्यात कुणाचं पहिलं उत्तर खरं मानलं नाही. कालिंदीबाईंनी "भाजीत मीठ घातलंय" म्हटलं, तरी ते आधी चाखून बघत. क्रांती चौकातला दुकानदार चप्पल अस्सल चामड्याची आहे म्हणाला, तर भर दुकानात ती नाकाला लावत. आणि वास चामड्याचाच आला तर उलट हिरमुसत.

हे वळण त्यांना नोकरीनं लावलं. चौतीस वर्षं त्यांनी पेन्शनच्या टेबलावर काढली. दर नोव्हेंबरात म्हातारी माणसं हयातीच्या दाखल्यासाठी रांग लावत, आणि केशवराव चष्म्यावरून बघून त्यांना जिवंत ठरवत. एकदा मेलेल्या भावाच्या नावानं आलेला एक इसम त्यांनी भुवईवरच्या व्रणावरून पकडला. साहेबांनी शाल-नारळ देऊन सत्कार केला. तो सत्कार त्यांच्या डोक्यात गेला, तो गेलाच.

निवृत्तीनंतर पुंडलिकनगरच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी झाले. चोवीस फ्लॅट आणि पार्किंगची रोजची भांडणं. लिफ्टला लागून असलेल्या एका जागेवर व्हीलचेअरचं निळं चित्र काढलेलं होतं. ही जागा दुसऱ्या मजल्यावरच्या सोमनाथ जंजाळच्या आईला, लक्ष्मीबाईंना मिळाली. त्यांना गावी, कन्नडला असताना लकवा मारला, डावी बाजू गेली, म्हणून लेकानं इकडं आणलं. दिव्यांग प्रमाणपत्र होतं, त्यावर शिक्का होता. पण शिक्क्यावर भाळतील ते केशवराव कसले! त्यांनी समितीकडून नियमच करून घेतला: जागा वापरणाऱ्यानं दर नोव्हेंबरात प्रत्यक्ष हजर राहून अपंगत्व कायम असल्याची खात्री करून द्यावी. चहा आला होता, त्यामुळे सगळ्यांनी मान डोलावली.

त्यानंतर केशवरावांचा मुक्काम बाल्कनीत. सोमनाथची गाडी सकाळी कंपनीत जाई, संध्याकाळी परत निळ्या जागेवर उभी राही. आई मात्र आठवड्यातून एकदाच गाडीत बसताना दिसे, दवाखान्यात जायला. "आईच्या नावावर पोरगा मजा मारतोय," ते कालिंदीबाईंना म्हणाले. "बाई तरी खरंच अधू आहे की नाही, देव जाणे."

आणि सप्टेंबरातल्या एका दुपारी, सगळी सोसायटी जेवून आडवी झालेली असताना, त्यांना मोबाइलवरच्या सीसीटीव्हीत दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये लक्ष्मीबाई दिसल्या. चालताना! एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या बाजूनं सून प्रेरणा. केशवरावांनी पावलं मोजली. अकरा! भुवईवरचा व्रण सापडला त्या दिवसानंतर त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

रविवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. मोबाइल हातोहात फिरला. लक्ष्मीबाई व्हीलचेअरवर तिथंच होत्या. आपलेच पाय परक्या माणसांच्या हातात फिरताना बघत होत्या.

"काका, डॉक्टरनीच रोज चालवा म्हणून सांगितलंय," सोमनाथ म्हणाला. "भिंत धरून अकरा पावलं टाकली म्हंजी आई बरी झाली का?"

"मी कुठं काही म्हणतोय? चालता येतं की नाही, एवढंच सांग."

"येतं. थोडं थोडं."

"झालं तर मग. ज्याला चालता येतं त्याला लिफ्टजवळची जागा लागत नाही. नोव्हेंबरात बघू."

दुसरी मोकळी जागा इमारतीच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी होती. तिथून लिफ्टपर्यंत चांगली ऐंशी पावलं, तीही उखडलेल्या फरशीवरून. व्हीलचेअर दर हातभर अंतरावर अडकली असती. जागा गेली असती, तर दर खेपेला सोमनाथला आईला उचलून न्यावं लागलं असतं. हे सगळ्यांना दिसत होतं. पण सेक्रेटरीशी वाकडं कोण घेणार?

त्या दिवसापासून सीसीटीव्हीत लक्ष्मीबाईंचं चालणं बंद झालं. केशवरावांचा संशय आणखी वाढला. "घरात दार लावून चालत असणार," ते म्हणत. "नोव्हेंबरपर्यंत बाई पक्की नाटकं करणार, बघच तू."

नोव्हेंबर लागताच ते वही घेऊन वर गेले. लक्ष्मीबाई खुर्चीत होत्या.

"चालून दाखवा."

"नाय येत, साहेब."

"सप्टेंबरात तर येत होतं."

"तवा येत व्हतं."

केशवराव त्यांच्या पायांकडे बराच वेळ बघत राहिले. मग 'संशयास्पद, पुन्हा पडताळणी' असा शेरा मारून खाली आले आणि त्यांनी कालिंदीबाईंना कामाला लावलं. शिऱ्याची वाटी घेऊन जायचं, सहज बसायचं आणि बाई घरात चालते का ते बघून यायचं. त्या आधी नाहीच म्हणाल्या. मग या माणसाच्या तोंडाला लागण्यापेक्षा शिरा परवडला, म्हणून गेल्या.

तासाभरानं परत आल्या, त्या रडून आलेल्या डोळ्यांनी.

"नाटक नाहीये ते. तुमच्या त्या मीटिंगपासून त्यांनी चालणंच टाकलंय. घरातसुद्धा. प्रेरणानं विनवण्या केल्या, सोमनाथ रागावला, तरी बाई उठत नाहीत. चाललं की जागा जाते, आणि जागा गेली की लेकाच्या पाठीचा भुगा होतो, असं म्हणतात. पाय पार आखडलाय. अजून महिनाभर असंच बसल्या तर पुन्हा उठायच्या नाहीत, असं डॉक्टर म्हणालेत." त्यांनी वाटी ओट्यावर आपटली. "जिवंत माणसाचे पाय मारलेत तुम्ही, अहो!"

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि हे पहिलं उत्तर त्यांनी जसंच्या तसं खरं मानलं. त्यांच्या टेबलानं आजवर जिवंत माणसांना जिवंत ठरवलं होतं. इथं एक बाई केवळ त्यांच्या शेऱ्याच्या धाकानं अधू होत चालली होती.

दोनच दिवसांत त्यांनी समितीच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि कागद घेऊन वर गेले. उभ्या उभ्याच वाचून दाखवला. जागा कायमची, पडताळणी रद्द, चालता आलं तरी जागा तुमचीच.

लक्ष्मीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "खाली सही कुणाची हाय, प्रेरणा?"

"सगळ्यांची हाय, आत्या. काकांची बी हाय."

"मंग उद्या तेच फाडतेल."

"नाही फाडणार, बाई," केशवराव म्हणाले. "माझं चुकलं. तुम्ही चाला. डॉक्टर म्हणतात तसं चाला. आता, माझ्यासमोर, दोन पावलं टाका. कुठं लिहिणार नाही मी."

लक्ष्मीबाईंची नजर त्यांच्या शर्टाच्या खिशावर गेली. खिशातून मोबाइलचा कॅमेरा डोकावत होता. केशवरावांनी घाईघाईनं मोबाइल काढून प्रेरणाच्या हातात दिला, मग दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. लक्ष्मीबाईंनी खिसे पाहिले, रिकामे हात पाहिले, मग चष्म्याआडचे डोळे पाहिले. केशवराव रांगेतल्या माणसांकडे अशाच नजरेनं बघत.

"तुमी जावा, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमी गेल्यावर बघू."

प्रेरणानं मोबाइल परत दिला आणि दार लावून घेतलं. केशवरावांना जिना उतरवेना. आतून खुर्ची सरकल्याचा, पाय घासत टाकल्याचा आवाज यावा, एवढंच त्यांना हवं होतं. जिला चालताना पकडायचं म्हणून त्यांनी तीन महिने घातले, ती आता खरोखर चालावी म्हणून त्यांचा जीव तुटत होता. त्यांनी दाराला कान लावला.

आत बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग लक्ष्मीबाईंचा दबका आवाज आला.

"प्रेरणा, बघ गं जरा. गेला का, का दारामागंच हुबा हाय?"